एकशे ऐंशी फूट

रेडिओवर खरा आकडा सांगायचा नाही, हा त्या बंदरावरचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण लिहिलेले नियम सर्रास मोडणारेसुद्धा तो मात्र इमानाने पाळत. दोरा एकशे चाळीस फूट सोडला असेल तर दोनशे सांगायचं. दोनशे सोडला असेल तर "अजून चाचपडतोय" म्हणायचं. आणि मासे धडाधड लागत असतील तर रेडिओ बिघडल्यासारखं गप्प बसायचं. ऐकणाराही दूधखुळा नसे. तो ऐकलेल्या आकड्यातून आपल्या अंदाजाने काहीतरी वजा करी, सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे त्यात काहीतरी मिळवी, आणि शेवटी स्वतःच्या मनातलंच करी.

नाना या विद्येतले महामहोपाध्याय होते. एकतीस वर्षं ते हौशी गिऱ्हाइकांना मासेमारीला तलावावर नेत होते. तलाव म्हणायचा एवढंच, पलीकडचा काठ काही दिसत नव्हता. माणूस रमतगमत चालेल इतक्या वेगाने बोट हाकायची, मागे चार काठ्या लावायच्या, आणि प्रत्येक दोऱ्याला बशीएवढी एक चकती बांधायची. ओढ बसली की ती चकती बुडी मारते आणि मागचं आमिष खाली घेऊन जाते. किती खोल न्यायचं ते किती दोरा सोडला यावर ठरतं, म्हणून रिळावर फूट मोजणारा मीटर असतो. सगळं गुपित त्या मीटरवरच्या आकड्यात. नानांनी एकतीस वर्षांत कोणाला तो आकडा खरा सांगितला नव्हता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणाला विचारलाही नव्हता.

ही विद्या त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीला आठव्या वर्षापासून दिली. लेक सव्विशीची होईपर्यंत त्यांच्याच बोटीवर होती. गाठ मारण्यात, मासा जाळीत घेण्यात आणि आकडा फिरवून सांगण्यात ती बापाच्या वरचढ झाली होती, आणि नाना हे चारचौघांत कौतुकाने सांगत. तिच्यासमोर मात्र चुकूनही नाही.

भांडण झालं ते तारेवरून. नानांच्या रिळांवर पहिल्यापासून तंगूस असे, म्हणजे नायलॉनचा एकेरी, काचेसारखा दोरा. त्या वर्षी उन्हाळा लांबला, वरचं पाणी तापलं आणि मासे थंड पाण्याच्या शोधात ऐंशी-नव्वद फुटांवर जाऊन बसले. तंगुसावर चकती तिथपर्यंत न्यायची तर दोनशे सत्तर फूट दोरा सोडावा लागे. एवढ्या लांबीवर तंगूस रबरासारखा ताणतो. तिकडे मासा लागला तरी इकडे काठीला पत्ता लागत नाही, आणि चकतीला तिरकी धरून ठेवणारी खिटी सोडवून दोरा गुंडाळायचा तर खांदा निखळेल असा झटका मारावा लागतो.

"तार लावू या," लेक म्हणाली. "बारीक असते, पाणी कापत जाते. कमी सोडून जास्त खोल. ताणत नाही, त्यामुळे मासा नुसता हुंगून गेला तरी काठी सांगते."

"तार कपडे वाळत घालायला ठीक असते," नाना म्हणाले.

"बाबा, एकदा लावून तर बघा."

"एक पीळ पडला की तुटते. हात कापते. ढिली सोडली की रिळावर पक्ष्याचं घरटं होतं. तंगूस माणसाला सांभाळून घेतो. त्याच्यावर तू लहानाची मोठी झालीस."

"सांभाळून घेतो म्हणूनच मासा लागल्याचं कळत नाही."

हे वाक्य नानांना लागलं. ते म्हणाले, "माझ्या बोटीवर माझा दोरा. ज्याला तार हवी त्याने तारवाल्याकडे जावं." असली वाक्यं बोलायला अर्धा क्षण लागतो आणि निस्तरायला जन्म पुरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते बोलले, कारण त्या वेळी समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ऐकत होती.

लेक दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याच्या बोटीवर कामाला लागली. टोपीवाला म्हणजे बारा महिने एकच लोकरी टोपी घालणारा कप्तान, नानांचा जुना प्रतिस्पर्धी. जाताना तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेली, तार भरलेली दोन रिळं नानांच्या बोटीवर ठेवली. नानांनी ती हात न लावता बाकाखाली सरकवली. घरी मायलेकी नेहमीसारख्या बोलत, बापलेक मीठ मागण्यापुरते. तिच्या जागी नानांनी मेहुण्याला घेतलं. बायकोचा हा धाकटा भाऊ पोस्टमन म्हणून निवृत्त झाला होता. बोटीवर त्याला मळमळे, पण गाठी छान मारी आणि दिसेल ते सगळं वाचून काढी.

असे तीन आठवडे गेले आणि एक रविवार असा उगवला की नानांचं सगळंच ठप्प झालं. बोटीवर विमा कंपनीच्या ऑफिसातले चार जण होते. पहाटे साडेपाचला निघाले होते आणि दहा वाजेपर्यंत त्यांनी सगळे डबे संपवून, आता माश्यांकडे बघण्याशिवाय काही उरलेलं नाही अशा नजरेने पाण्याकडे बघायला सुरुवात केली होती. बोटीवरच्या यंत्रात पंच्याऐंशी फुटांवर मासे दिसत होते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे स्पष्ट. चारही दोरे दोनशे सत्तरवर होते. म्हणजे चकत्या बरोबर माश्यांच्या तोंडाशी. तरी काठ्या ढिम्म.

"बिघडलंय काय?" एकाने विचारलं.

"मासे विचार करतायत," नाना म्हणाले. चौघे हसले, पण तोंडदेखलं.

मेहुणा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोरीला विचारा की."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ती काय परकी आहे?"

परकी नाही, हीच तर अडचण होती. परक्याला विचारलं आणि त्याने खोटं सांगितलं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. नानांनी अर्धा तास काढला. त्या अर्ध्या तासात एका काठीला जराशी थरथर झाल्यासारखी वाटली. त्यांनी सगळं अंग मागे टाकून झटका मारला, खिटी सुटली, दोनशे सत्तर फूट दोरा गुंडाळला, आणि वर आलं ते रिकामं आमिष. विमावाल्यांपैकी एक जण बाकावर आडवा झाला. मग नानांनी रेडिओ उचलला.

टोपीवाला बहुतेक मागे माश्यांत गुंतला असावा, कारण रेडिओवर लेकीचाच आवाज आला. नानांनी आधी वाऱ्याचं विचारलं. मग लाटांचं विचारलं. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "किती?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की नानांना वाटलं संपर्क तुटला. सगळ्या बंदराच्या बोटी त्याच चॅनेलवर कान लावून बसलेल्या असत, हे दोघांनाही माहीत होतं.

"बाबा, एकशे ऐंशी," लेक म्हणाली. "एकशे ऐंशी फूट."

रेडिओवर कोणी कोणाला बाबा म्हणत नसे. तिथे सगळे बोटीच्या नावाने बोलत. चेहरा कोणाला दिसू नये म्हणून नाना वळले आणि मेहुण्यावर ओरडले, "बघतोस काय? चारही दोरे एकशे ऐंशीवर आण!"

"पण यंत्रात तर मासे खाली…"

"यंत्राला काय कळतं? खालचे पोट भरलेले असतील. खाणारे वर असतील. ती सांगतेय ना?"

दोरे वर आले. नानांच्या डोक्यात एकशे ऐंशी म्हणजे साठ फूट खोल, हे एकतीस वर्षांपासून पक्कं होतं, पाढ्यासारखं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ते सुकाणूपाशी उभे राहिले आणि काठ्यांकडे बघत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. एक हातभर मासा लागला, तो गळ काढताना पाण्यात उडी मारून गेला. दोन वाजता विमावाल्यांनी परत चला म्हटलं. मेहुण्याने दोनदा सुचवलं की पुन्हा खाली सोडून बघू, आणि दोन्ही वेळा नाना म्हणाले, "एकशे ऐंशी म्हणाली ना ती? मग एकशे ऐंशी."

धक्क्याला लागले तेव्हा टोपीवाल्याची पेटी इतकी भरली होती की झाकण बसत नव्हतं. रुपेरी, दंडाएवढे मासे. धक्क्यावर सहा-सात कप्तान उभे होते. त्यांतल्या तिघांचेही दोरे तंगुसाचे, त्यांनीही रेडिओवर ऐकलं होतं, त्यांनीही एकशे ऐंशी लावलं होतं आणि तेही हात हलवत परतले होते. नाना दिसताच त्यांना जोर चढला.

"नाना, पोरगी शोभते हो तुमची!"

"आम्हाला फसवलं ते ठीक. बापालाही?"

"बाबा म्हणून फसवलं! ही युक्ती तर नानांनाही कधी सुचली नव्हती."

नाना हसले. दुसरं काय करणार? आपणच लावलेल्या झाडाचं फळ आपल्या डोक्यात पडलं तर झाडाला बोल लावता येत नाही. लेक टोपीवाल्याच्या बोटीवरून उतरून त्यांच्याच दिशेने येत होती, चेहरा उजळलेला, काहीतरी विचारायच्या बेतात. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकवलेलं विसरली नाहीस. शाब्बास!"

ती जागच्या जागी थांबली. तिने एकदा त्यांच्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं, एकदा हसणाऱ्या कप्तानांकडे. मागून टोपीवाल्याने तिला हाक मारली, चांगल्या आवाजात नाही, आणि ती मागे वळली. नानांनी बोट धुवायला घेतली. धुतलेली जागा त्यांनी तीनदा धुतली.

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले. लेकीने अर्धी पोळी ठेवली आणि उठली. नानांनी मनाशी म्हटलं, मन खात असेल, खाऊ दे. पण त्यांनीही ताट अर्ध्यावर सारलं. मासे न मिळाल्याचं दुःख त्यांना नव्हतं, रिकाम्या हाताने ते आयुष्यात शंभरदा परतले होते. दुःख हे होतं की रेडिओवर "बाबा" ऐकून त्यांनी जो विश्वास टाकला, तसा त्यांनी जन्मात कोणावर टाकला नव्हता, आणि पोरीने त्याचीच थट्टा केली. ती आता खरोखर टोपीवाल्याची झाली, असं त्यांना वाटलं.

सोमवारी वारा होता, बोटी निघाल्या नाहीत. नाना चहा घेत होते तेव्हा लेकीच्या खोलीचं दार बंदच होतं.

"वारा असला तरी टोपीवाला धुण्यापुसण्याला बोलावतो म्हणे," नाना कपात बघत म्हणाले. "आज गेली नाही?"

बायकोने कप जरा आपटूनच ठेवला. "कुठे जाणार? काढलं तिला."

"काढलं? का?"

"ते तुम्ही मला विचारता? उघड्या रेडिओवर खरा आकडा दिलास म्हणाला. दहा बोटी येऊन डोक्यावर बसल्या, उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. काल रात्रीच कळलं मला. तुम्हाला सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय तिने, तेव्हा मी सांगितलेलं नाही."

"खरा आकडा?" नाना म्हणाले. "अगं, मी दिवसभर एकशे ऐंशीवर होतो. खरा असता तर मासे नसते का लागले?"

"मी काय मासा आहे? मला काय विचारता!"

नाना चप्पल घालून थेट बंदरावर गेले. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. इतरांना गोंधळल्यावर देवळात जावंसं वाटतं तसे ते बोटीवर जात. मेहुणा तिथे आधीच होता. वारा असला की बोट धक्क्याला बांधलेली असते आणि त्याला मळमळत नाही, म्हणून असे दिवस त्याला फार आवडत. तो बाकावर बसून चकतीचं रिकामं खोकं वाचत होता.

नानांनी त्याला सगळं सांगितलं. मेहुण्याने ऐकून घेतलं आणि खोकं त्यांच्यापुढे धरलं. "नाना, इथे मागे तक्ता छापलाय. वाचलाय कधी?"

"मला तक्ता काय शिकवतोस? मी तीस वर्षं…"

"चष्मा लावा."

नानांनी चष्मा लावला. तक्त्यात डावीकडे फूट दिले होते आणि पुढे दोन रकाने होते. एकावर तंगूस लिहिलं होतं, दुसऱ्यावर तार. एकशे ऐंशीसमोर तंगुसाच्या रकान्यात साठ होतं. तारेच्या रकान्यात पंच्याऐंशी.

"आमच्याकडे अशी पत्रं यायची," मेहुणा म्हणाला. "घर नंबर बरोबर, गल्ली दुसरी. पाठवणारा खोटारडा नसतो आणि घेणाऱ्याचीही चूक नसते. पण पत्र काही पोचत नाही."

"टोपीवाल्याने तार कधी लावली?"

"महिना झाला की. बंदरातल्या निम्म्या बोटींनी लावलीय. तुमच्यासमोर कोणी बोलत नाही, तुम्ही कपडे वाळत घालण्याचं काढता म्हणून. काल त्या तारवाल्यांनी एकशे ऐंशी लावलं आणि त्यांच्या पेट्या भरल्या. ते धक्क्यावर कशाला थांबतील सांगायला?"

नाना तक्त्याकडे बघत राहिले. तंगुसाच्या रकान्यात पंच्याऐंशी कुठे येतात ते त्यांनी बोटाने शोधलं. दोनशे सत्तरसमोर. म्हणजे सकाळी ते बरोबर जागी होते आणि तिच्या शब्दावर माश्यांच्या पंचवीस फूट वर येऊन दिवसभर बसले. आणि ती, जिने खरं सांगितलं म्हणून जागा गमावली, तिला त्यांनी सहा माणसांसमोर शाब्बास म्हटलं होतं. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मेहुणा समोर होता म्हणून राहिलं.

घरी आले तेव्हा लेक स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. नाना समोरची खुर्ची ओढून बसले. दोन शेंगा त्यांनीही सोलल्या. माफी मागण्याची सवय नसलेल्या माणसाला हात गुंतलेले बरे पडतात.

"टोपीवाल्याने काढलं तुला," ते म्हणाले.

"आईने सांगितलं ना?"

"नाही. तिने शपथ पाळली." मोरीतून भांडं पडल्याचा आवाज आला. "तू आकडा खरा दिलास."

"हो."

"माझ्याकडे तंगूस आहे. तुला माहीत नव्हतं?"

लेकीचा हात थांबला. "अजून तंगूस होता?"

"तंगूसच होता."

"मला वाटलं तुम्ही तार लावलीत," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जन्मात कोणाला आकडा विचारला नव्हता. काल विचारलात. मला वाटलं, माझी रिळं लावलीत आणि आता किती सोडायची ते कळत नाहीये, म्हणून विचारताय. मला इतका आनंद झाला की मी बोलूनच गेले. टोपीवाला मागून हातवारे करत होता, मी बघितलंसुद्धा नाही. मग धक्क्यावर विचारायला येत होते, कशी वाटली तार म्हणून. तर तुम्ही म्हणालात…"

"काय म्हणालो ते मला माहीत आहे." नानांनी हातातली शेंग खाली ठेवली. "चुकलं माझं. फार चुकलं. तू खरं बोललीस आणि मी तुला चारचौघांत खोटी ठरवली."

तिने नाकाने श्वास ओढला आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाली, "विश्वास नव्हताच ठेवायचा तर विचारलंत कशाला? तुम्ही जिथे होतात तिथेच बसायचं."

"मी दोनशे सत्तरवर होतो," नाना म्हणाले. "यंत्रात मासे पंच्याऐंशीवर दिसत होते."

"मग बरोबरच होतात की."

"तू एकशे ऐंशी म्हणालीस. मी वर घेतले."

लेकीने मान वर केली. "खाली मासे दिसत असताना?"

"हो."

"किती दोरे?"

"चारही."

"किती वेळ?"

"दोन वाजेपर्यंत. तुझा मामा पुन्हा खाली सोडू म्हणत होता, मी सोडू दिले नाहीत."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ओढणीने डोळे पुसले, आणखी एक शेंग सोलली आणि दाणे निम्मे बाहेर सांडले.

"तार लावली तर तुमचा तो झटका बंद करावा लागेल," ती म्हणाली. "तार ताणत नाही. असा झटका मारलात तर माश्याचा नुसता ओठ हातात येईल."

"बरं."

"आणि सोडताना रिळावरचा अंगठा उचलायचा नाही."

"नाही उचलणार."

तिने मटाराचं भांडं जवळ ओढलं. "वारा उद्या पडेल. किती वाजता निघायचं?"

एकतीस वर्षं त्या बोटीची वेळ नाना ठरवत आले होते.

"तू सांग," ते म्हणाले.